मदत हवी: सायकलने गावं बघायची आहेत, चढ नको. लवकर सांगा

निखळ
नमस्कार. शुक्रवारी निघायचंय आणि रूट अजून ठरत नाहीये. नकाशाचं अ‍ॅप दर वेळी हायवेवर नेऊन सोडतं. बीच नको, शॅक नको. जुनी गावं, शेतं, घरं, एखादं देऊळ, एखादं चर्च, मध्ये कुठेतरी चहा. चढ नको, ट्रक नको. सायकलने फिरलेल्या कोणीतरी सरळ रूट द्या. "गोव्यात स्कूटर घे" हे ज्ञान मित्रांनी आधीच दिलंय.

चाकवाला
कुठून निघणार? किती जण? सायकली कसल्या, गिअर आहेत का? रोज परत यायचं की मुक्काम?

निखळ
घरून. चौघे. सायकली साध्या.

चाकवाला
घर कुठे आहे, साहेब?

निखळ
पर्वरी. पणजीच्या पलीकडे.

खडखडाट
साध्या म्हणजे काय? दांड्याची की जाड टायरची? हवा किती ठेवता? गावातल्या रस्त्याला लोक रोडबाइकसारखी टणक हवा भरतात आणि मग मनगटं धरून बसतात. चाळीस पीएसआयच्या वर जाऊ नका. बाकी रूट कुठलाही घ्या.

डोंगरवेडा
तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर बघितल्याशिवाय गोवा बघितला म्हणू नये. १२व्या शतकातलं, कदंब राजांच्या काळातलं, काळ्या बेसॉल्टचं. मोले बाजूने जंगलातून रस्ता, सावलीच सावली.

चाकवाला
@डोंगरवेडा, माणूस पर्वरीत राहतो आणि चढ नको म्हणतो. तुम्ही त्याला सह्याद्रीच्या पायथ्याला पाठवताय.

डोंगरवेडा
सुंदर आहे म्हणून सांगितलं. जाणं न जाणं त्यांच्या हातात.

भटकी_मैना
निखळ, एक दिवस मांडवीतल्या दिवाडी बेटाला द्या. पर्वरीहून नदीकाठच्या बेतीला उतरा आणि फेरीबोटीने पणजीला या. अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, अ‍ॅप तिकडे नेत असेल तर ऐकू नका. पणजीहून रायबंदरपर्यंतचा जुना पूल-रस्ता धरा. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला, तीन किलोमीटरच्या वर लांब आणि पूर्ण सपाट. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. पुढे जुने गोवे, व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर, आणि बोटीने दिवाडी.
बेटावर उतरलात की दोन्हीकडे खाजन शेतं, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. पियेदादचं चर्च टेकडीवर आहे, तेवढा चढ ढकलत जा, कोणी हसत नाही. वरून मांडवीचा सगळा पसारा दिसतो. मग खालच्या रस्त्याने बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आणि बोटीने नार्वे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला नेले, आणि तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधून घेतलं. इथूनच मागे फिरा. डिचोलीकडे गेलात तर चढही लागतो आणि खाणीचे ट्रकही.

निखळ
हे बरं वाटतंय. पण सासऱ्यांना एवढ्या बोटी जमतील का?

चाकवाला
सासरे कधी आले यात?

निखळ
चौघांत सासरे आहेत. ६७ वय, साताऱ्याहून आलेत, रोज सायकल चालवतात. उजवा गुडघा जरा कुरकुरतो, म्हणून तर चढ नको. मुलगी बारा वर्षांची. आता आणखी काय सांगायचं राहिलंय?

चाकवाला
तारीख.

निखळ
वर सांगितली की. शुक्रवार. या आठवड्यातला.

भटकी_मैना
मग दिवाडी या शुक्रवारी नको. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण. आधीचे नऊ दिवस नोवेनाच्या प्रार्थना चालतात आणि जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नसते. फेस्त उलटल्यावर जा. नाहीतर रायबंदरहूनच दिवाडीची बोट पकडा, जुने गोवे टळतं.

रेल्वेरसिक
सायकली कोकण रेल्वेने आणायच्या असतील तर पार्सल ऑफिसला आदल्या दिवशी जाऊन बुक करा. हँडल वळवून बांधा, पेडल काढून पिशवीत ठेवा, चेन कापडाने गुंडाळा. करमळीला उतरवली तर जुने गोवे अगदी जवळ, पण गाडी तिथे थांबते का ते बघा. थिवीला बऱ्याच थांबतात.

निखळ
सायकली घरीच आहेत हो.

रेल्वेरसिक
पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

कुळागर
दिवाडी सगळेच सांगतात. माझा सल्ला: देव ज्या वाटेने नदी ओलांडून गेले त्या वाटेने जा. लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला गेला, रायची कामाक्षी शिरोड्याला, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला. सगळं सोळाव्या शतकात, बाटाबाटीच्या भीतीने, आणि सगळे जुवारी नदीपलीकडे अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात. लोटलीला जुनी घरं बघायची, रायला यायचं, फेरीबोटीने शिरोडा, कामाक्षीला नमस्कार करून मग फोंडा, रामनाथी, नागेशी. पोफळीच्या बागांतून जातो रस्ता. एवढा अर्थ असलेला रूट दुसरा नाही.

सासष्टीकर
अर्थ आहे हो, पण गुडघा दुखणाऱ्या माणसाला शिरोड्याहून फोंड्याला नेणार? बोरीकडचे ट्रक आणि चढ विसरलात? देव पालखीतून गेले होते, पेडल मारत नाही.

कुळागर
मी शिरोड्यापर्यंतच म्हटलं असतं तर तुम्हाला काय हरकत होती?

सासष्टीकर
म्हटलं नाहीत ना पण. निखळ, कुडतरी-चांदर करा. सायकली टेम्पोत टाकून मडगावला आणा. पर्वरीहून सायकलने जुवारी पूल ओलांडत बसू नका. मडगाव सोडलं की कुडतरीची शेती सुरू होते. सासष्टी तालुक्याचं धान्याचं कोठार म्हणतात तिला. तळी मोठी, एका तळ्याकाठी सेंट अ‍ॅलेक्सचं चर्च. चांदरला मेनेझिस ब्रागांझांचं घर बघा, एकाच घराचे दोन भाग, दोन कुटुंबांचे. आत घेतात, देणगीची पेटी असते, काहीतरी टाका. आणि तेवढ्यावर परतू नका. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची आधीची राजधानी. जुन्या देवळाचे अवशेष आहेत, शीर नसलेला नंदी आहे. बहुतेक लोक घराचे फोटो काढून निघून जातात, याचा मला राग येतो.

भटकी_मैना
चांदर मलाही आवडतं. पण उन्हात. डिसेंबरात सकाळी धुकं असतं, अकरानंतर मात्र डांबर तापतं. लवकर निघा.

खाऊगल्ली
सकाळी लवकर निघालात तर पदेर, म्हणजे पाववाला, भेटेल. सायकलच्या मागे टोपली, भोंपू वाजवत येतो. कोंड्याची पोई घ्या, गोल उंड्याच्या नादी लागू नका.

सासष्टीकर
उंड्याला नाव ठेवू नका. पातळ भाजीबरोबर उंडोच. पोई चिवट होते.

खाऊगल्ली
दुपारी खाल्लीत तर होणारच चिवट.

खडखडाट
पोई खा नाहीतर उंडो खा, हवा तपासलीत का?

ई_चाक
सासऱ्यांना बॅटरीची सायकल घेऊन द्या. सगळा वाद मिटेल.

निखळ
सासऱ्यांना विचारलं. "मग स्कूटरच घेतली असती" म्हणाले.
ठरवलंय: शुक्रवारी टेम्पो करून मडगाव, कुडतरी, चांदर, आणि परत. दिवाडी फेस्त झाल्यावर, तेव्हा नार्वेही. कुळागर, राय-शिरोडा बोट सासऱ्यांना आवडली आहे, पण शिरोड्यालाच थांबणार. एकच राहिलं: दिवाडीच्या दिवशी सकाळी बेतीला उतरलो तर संध्याकाळी परत पर्वरी चढायची. त्याचं काय?

चाकवाला
चढ नको म्हणणारा माणूस पठारावर घर घेतो, त्याला मी काय सांगू. सायकली पणजीत कोणा ओळखीच्यांच्या अंगणात कुलूप लावून ठेवा आणि बसने घरी जा. सकाळी बसने येऊन तिथूनच सुरू करा.

निखळ
पणजीत ओळखीचं कोणी नाही.

भटकी_मैना
व्यक्तिगत निरोप पाठवा.