आदिलशहाचा राजवाडा नेमका कुठला, पणजीतला की जुन्या गोव्यातला?

सातारची_सून_म्हापसा:
नमस्कार मंडळी. माझे सासरे पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून येताहेत. सगळी हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. मागच्या खेपेला कळंगुटला नेलं, तर समुद्राकडे पाठ करून पेपर वाचत बसले. या वेळी फोनवरच बजावलंय, "मला आदिलशहाचा वाडा दाखव, बाकी काही नको."

आता नकाशावर मला वाडे दोन दिसतात. एक पणजीत मांडवीच्या काठी, दुसरा जुन्या गोव्यात. खरा कुठला? की दोन्ही? सासऱ्यांना सपाटीवर सोडा, तास-दीड तास आरामात चालतील, पण गुडघ्यांमुळे जिने नकोत. गाडीत चढ-उतार करायचाही त्यांना कंटाळा. म्हणून शक्य तितकं पायी करायचा विचार आहे. वाड्याला बाग आहे का, सावलीत टेकायला? एका दिवसात दोन्ही होतील का?

दिवाडकर:
दोन्ही खरे. जुन्या गोव्यातल्या वाड्याचं फक्त दार उरलंय. दोहोंमध्ये नऊ-दहा किलोमीटर आहेत, ते मात्र बसने करा. रायबंदरच्या रस्त्याने भर उन्हात वयस्कर माणसाला चालवू नका.

निवृत्त_कारकून:
ताई, पणजीच्या वाड्यात माझी नोकरी झाली. तेव्हा तिथं सचिवालय होतं, विधानसभाही तिथंच भरायची. मी नदीकडच्या खोलीत बसायचो. दुपारी वारा सुटला की टेबलावरचे कागद उडायचे, आणि सरकारी पेपरवेट कधीच पुरायचे नाहीत, म्हणून आम्ही चिऱ्याचे तुकडे ठेवायचो. तांबडी भुकटी सगळ्या टिपणांवर. पावसाळ्यात शिपाई खिडक्या गच्च लावून घ्यायचा, मग भर दिवसा दिवे आणि फायलींना बुरशीचा वास. आदिलशहाने उन्हाळ्यात राहायला हीच जागा का निवडली ते एप्रिलमध्ये पटायचं, आणि पावसाळ्यात तो इथं का फिरकत नसेल तेही.

सासरे इतिहासाचे मास्तर आहेत म्हणून आधीच सांगून ठेवा, नाहीतर दारातच वाद घालतील. विजापूरच्या युसुफ आदिलशहाने १५०० च्या सुमारास हा वाडा बांधला. १५१० साली पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने फेब्रुवारीत गोवा घेतला, मे महिन्यात आदिलशाही फौजेने परत मिळवला आणि २५ नोव्हेंबरला तो कायमचा गेला. पुढे पोर्तुगिजांनी वाड्याचा किल्ला केला. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय राजधानीत मिरवत जाण्याआधी इथं मुक्काम करायचा. १६१५ मध्ये वाडा नव्याने बांधून काढला. जुन्या गोव्यात रोगराईने माणसं टिकेनात, तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉयच इथं राहायला आला. १९१८ मध्ये गव्हर्नर काबोला, म्हणजे आजच्या राजभवनात गेला. मुक्तीनंतर विधानसभा आली आणि २००० साली तीही पर्वरीच्या टेकडीवर गेली.

तेव्हा आज दिसतं ते उतरतं कौलारू छप्पर, पांढऱ्या भिंती आणि लाकडी व्हरांडे. घुमट, मिनार शोधत गेलात तर हिरमोड होईल. जागा आदिलशहाची, घर फिरंग्यांचं. आदिलशाहीचा दगड बघायचा तर जुन्या गोव्यालाच जायला हवं.

म्हणून माझं ऐका, सकाळी आधी तिकडे जा. ते दार उघड्यावर आहे, अकरानंतर तिथं उभं राहवत नाही. म्हापशाहून पणजीला कदंब स्टँडवर उतरा, तिथून जुन्या गोव्याची बस मिळते. गांधी सर्कलला उतरून से कॅथेड्रलच्या बाजूने सांत कायतानच्या चर्चकडे चालत जा, सगळं सपाट आहे. दार त्या चर्चच्या आवारालगत, हिरवळीवर एकटंच उभं आहे. चार-सहा पायऱ्या, दोन खांब, वर आडवी शिळा. बस्स. पण जवळ जाऊन बघा: आजूबाजूचं सगळं गाव जांभ्याचं आणि ही चौकट तेवढी काळ्या बेसॉल्टची. खांबांना लागून दगडी जाळीचे अवशेष आहेत. कोरीवकाम देवळासारखं दिसतं, म्हणून ते मुळात कुठल्या तरी देवळाचं असावं असं बरेच जण म्हणतात. सासऱ्यांना इथं अर्धा तास द्या, घाई करू नका. या वाड्यातही व्हाइसरॉय राहिले, सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंत. पुढे एकोणिसाव्या शतकात तो पाडला आणि दगड पणजीच्या बांधकामाला नेले. म्हणजे एका अर्थी पणजीने जुनं गोवं खाल्लं. मी पणजीकर, मला म्हणायला हरकत नाही.

तिथून खाली धक्क्याकडे जाताना व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने १५९९ मध्ये बांधली. मूर्ती मात्र पणजोबाची. १९५४ मध्ये ती पुन्हा उभारली, म्हणून जरा नवी वाटेल. सासऱ्यांचे पाय बरे असतील तर फेरीबोटीने दिवाडीला जाऊन त्याच बोटीने परत या, पायी माणसाला तिकीट नाही.

मग बसने पणजी. स्टँडवरून पाटो पूल ओलांडायचा आणि मांडवी उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं. दुपारच्या उन्हात फूटपाथ कंटाळवाणा आहे, त्यावर दुचाक्याही लावलेल्या असतात. वाडा डाव्या हाताला येतो. आतली दालनं प्रदर्शनांसाठी वापरतात. जिने आहेत, त्यामुळे सासऱ्यांना खालीच फिरवा. पश्चिमेच्या अंगाला आबे फारियाचा पुतळा आहे. संमोहनशास्त्राचा हा माणूस आपल्या कांदोळीचा. पुतळा १९४५ चा, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत. आम्ही सुट्टीच्या वेळेला त्याच्याच पायाशी सिगारेट ओढायचो.

बाग मात्र वाड्याला नाही. पाच मिनिटांवर चर्चसमोर महापालिकेची आहे, गार्सिया द ओर्ताच्या नावाची, १८५५ ची. बाकं आहेत, सावली आहे. मधल्या खांबावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, आता अशोकस्तंभाचे सिंह आहेत. हा ओर्ता वैद्य. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, तो छुपा ज्यू म्हणून त्याची हाडं उकरून जाळली. आणि पुढे त्याच राजवटीत त्याच्या नावाची बाग! हे मास्तरांना बाकावर बसवून सांगा, चहा लागणार नाही.

पेडण्याचा:
काकांनी मस्त लिहिलंय. पण राजवाडा आणि सोबत निवांत फिरणं दोन्ही हवं, तर सरळ सावंतवाडीला न्या. आमचं पेडणं १७८८ पर्यंत सावंतवाडीच्या भोसले राजांचंच होतं. तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला वाडा, समोर १८७४ चा मोती तलाव, त्याच्या कडेकडेने संध्याकाळी फेरी मारायची. आत गंजिफाचे कलाकार काम करताना दिसतात. दशावतारी संच १२० पत्त्यांचा, सगळे गोल. सासरे पत्ते खेळत असतील तर तिथून हलणारच नाहीत.

निवृत्त_कारकून:
सावंतवाडी छानच, पण त्यांनी आदिलशहा मागितलाय. इतिहासाच्या मास्तरला भोसल्यांच्या तळ्यावर नेऊन गप्प बसवता येईल असं वाटत असेल, तर तुम्ही मास्तर बघितलेले नाहीत.

सातारची_सून_म्हापसा:
काका, तुमचं सगळं त्यांना फोनवर वाचून दाखवलं. १५१० च्या तारखांना होकार मिळाला. पण "किल्ला केला म्हणजे तोफा कुठे होत्या, खंदक कुठे होता" हा प्रश्न आलाच. आणि ऐकताना त्यांनी वही काढली हे कळलं, म्हणजे बाकावर बसून सांगायचं काम आता तेच करणार. पेडणेकर, सावंतवाडी रविवारी करू, मुलांना लाकडी खेळणी हवीच आहेत.

निवृत्त_कारकून:
खंदक बुजला, त्यावरून आता रस्ते गेले. त्यांना नदीच्या बाजूला उभं करून विचारा की तोफा कुठल्या बाजूला लावल्या असत्या. ते तुम्हाला सांगतील. आणि छत्री न्या, उन्हासाठी.