मेकॅनिकल ड्रॉइंगला लेअर किती? सहा पुरेत!

रेघोटी_मास्तर
एका व्हेंडरकडून वेल्डिंग फिक्स्चरचं (वेल्डिंगला पार्ट जागी धरणाऱ्या साच्याचं) ड्रॉइंग आलंय, ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. लेअरची, म्हणजे रेघा ज्यांवर विभागून ठेवतात त्या थरांची, यादी संपता संपेना. पार्टागणिक लेअर: ‘बेस प्लेट’, ‘बेस प्लेट नवीन’, ‘बेस प्लेट फायनल’, आणि सगळ्यांचा बाप ‘लेअर१’. सेंटर लाइनी वाटेल तिथे, रंग हाताने दिलेले. सेंटर लाइनची जाडी बदलायची म्हटली तर एकेक रेघ वेचत बसा.

माझं मत स्पष्ट आहे. टू-डी मेकॅनिकलमध्ये लेअर रेघेच्या कामाप्रमाणे पाडावा, पार्टच्या नावाने नाही. आउटलाइन, हिडन (झाकलेल्या कडा), सेंटर, डायमेन्शन, हॅच (छेदातल्या तिरक्या रेघा), टेक्स्ट. झाले सहा. ड्रॉइंगच्या आयएसओ १२८ या मानकाने रेघांचे प्रकार ठरवून दिलेत, जाड रेघ ०.५ मिमी धरली तर बारीक ०.२५. तेच लेअरला बांधा, बाकी सगळं बायलेअर, म्हणजे रंग-जाडी लेअरकडूनच. पार्ट वेगळा हवा तर ब्लॉक करा, म्हणजे त्याच्या रेघांचा एक गट बांधा.

जीए_वाली
मास्तर, तुम्ही एका शाफ्टचं डिटेल ड्रॉइंग डोळ्यांसमोर ठेवून बोलताय. तिथे सहा काय, पाचही चालतील. मी कन्व्हेयरचे लेआउट करते. क्लॅम्प उघडा असताना त्याचा हात कुठवर येतो आणि बंद असताना कुठे, दोन्ही एकाच फाइलमध्ये लागतं. ‘क्लॅम्प उघडा’ आणि ‘क्लॅम्प बंद’ असे दोन लेअर करते, एका व्ह्यूपोर्टमध्ये (शीटवरच्या खिडकीत) एक व्हीपी-फ्रीझ, म्हणजे तेवढ्या खिडकीपुरता लपवलेला, दुसऱ्यात दुसरा. शीट एकच, भूमिती एकच. तुमच्या सहांत हे कसं बसवणार?

रेघोटी_मास्तर
ब्लॉकनेच बसवतो ताई. आतल्या रेघा आपापल्या लेअरवर, म्हणजे आउटलाइन आउटलाइनवर, सेंटर सेंटरवर. अख्खा ब्लॉक मात्र ‘क्लॅम्प उघडा’ या लेअरवर ठेवायचा.

जीए_वाली
म्हणजे सातवा लेअर आलाच की! आठवाही येईल.

भोसरी_पत्रावाला
तुमचं चालू द्या. आमच्याकडे पत्रा कापायच्या लेझरला डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या फाइली) येतात. सहा असोत की साठ, मला तीनच गोष्टी कळायला हव्यात: कापायचं काय, वाकवायचं काय, नुसती खूण कुठे करायची. बेंड लाइन (वाकवायची रेघ) कटिंगच्या लेअरवर आली आणि ऑपरेटरच्या नजरेतून सुटली, की जिथे वाकवायचा तिथे पत्रा दोन तुकडे. मग फोन येतो, “तुम्ही बघितलं नाही का?” अहो, बघण्यासाठीच लेअर असतात ना? नाव तरी द्या, सगळं ‘०’ नावाच्या लेअरवर टाकून पाठवता!

थ्रीडी_भक्त
२०२० च्या दशकात ही चर्चा? मॉडेल करा, ड्रॉइंग आपोआप पडतं. लेअर वगैरे आजोबांच्या काळातलं.

भोसरी_पत्रावाला
तुमच्या मॉडेलचा फ्लॅट पॅटर्न (उलगडून सपाट केलेला पत्रा) माझ्याकडे डीएक्सएफ होऊनच येतो. एक्स्पोर्ट करताना बेंड लाइन कुठल्या लेअरवर टाकायची तेही तुम्हीच ठरवता. बहुतेक जण ती खिडकी न वाचता ओके दाबतात.

शिकाऊ_ड्राफ्ट्समन
एक शंका. मास्तरांच्या पद्धतीने ब्लॉक केला, ‘क्लॅम्प उघडा’ लेअर ऑफ केला, तरी क्लॅम्प दिसतोच. माझं काय चुकतंय?

रेघोटी_मास्तर
ऑफ नको, फ्रीझ कर. ब्लॉक ज्या लेअरवर ठेवलाय तो ऑफ केलास तर आतल्या दुसऱ्या लेअरवरच्या रेघा दिसतच राहतात. फ्रीझ केलास की अख्खा ब्लॉक गायब. आणि ऑफचा दुसरा धोका: इरेज घेऊन ‘ऑल’ म्हटलंस की ऑफ असलेल्या लेअरवरचंही उडतं. न दिसता! फ्रीझ केलेलं वाचतं.

जीए_वाली
याच्याशी शंभर टक्के सहमत. लॉक केलेलंही वाचतं. पण मूळ वाद तसाच आहे. रेघेच्या कामाचे लेअर हवेतच, कोण नाही म्हणतंय? माझं म्हणणं, जिथे यंत्र हलतं तिथे अवस्थेचे लेअरही हवेत. प्रत्येक नट-बोल्टला लेअर देणाऱ्यांची बाजू मी घेत नाही.

एएम_वापरणारा
ऑटोकॅड मेकॅनिकल वापरत असाल तर निम्मा वाद मिटतो. डायमेन्शन आपसूक एएम_५ वर, सेंटर लाइन एएम_७ वर, हॅच एएम_८ वर. साध्या ऑटोकॅडमध्येही डायमेन्शन, हॅच आणि सेंटर लाइनचा लेअर ठरवणारी डिमलेअर, एचपीलेअर, सेंटरलेअर ही सेटिंग एकदा टेम्प्लेटमध्ये भरून ठेवा. माणसाच्या शिस्तीवर सोडलंत की गुरुवारी रात्रीच्या घाईत सगळं त्या वेळी निवडलेल्या लेअरवरच पडतं.

रेघोटी_मास्तर
गुरुवारी का?

एएम_वापरणारा
आमच्याकडे शुक्रवारी लाइट जाते ना!

शिकाऊ_ड्राफ्ट्समन
आणि व्हेंडरची ती जुनी फाइल सुधारायची कशी?

रेघोटी_मास्तर
आधी लेट्रान्स या कमांडने त्याचे लेअर आपल्या सहांवर आण आणि मॅपिंग सेव्ह कर. मग सेटबायलेअर कमांड चालव, हाताने दिलेले रंग जातील. ब्लॉकच्या आतलेही बदलू का विचारेल, हो म्हण.

जीए_वाली
थांब रे बाळा! लेट्रान्स लेअरच्या नावावर चालतं. त्याच्या ‘बेस प्लेट’ लेअरवर आउटलाइन आणि सेंटर लाइन एकत्र असतील तर दोन्ही एकाच लेअरवर जाऊन पडतील. आणि सेटबायलेअर आधी चालवलंस तर ओळखायचा रंगही पुसला जाईल. म्हणून अगोदर क्विक सिलेक्टने लाइनटाइप बघून सेंटर लाइनी बाजूला काढ, हिडन काढ, मग मास्तरांचं ऐक.