प्रतिसाद: एक्झॉस्टची घूं घूं आणि बंद टोकाचा पाइप

मधला सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकलात, आता हायवेला २७०० आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) कान बधिर होतात, आणि वर सल्ला आलाय डॅम्पिंग शीटचा, म्हणजे पत्र्याला आतून चिकटवायच्या जाड शीटचा. शीटने पत्र्याची थरथर कमी होईल, ही घूं घूं नाही. माझेही पैसे त्यातच गेलेत.

आधी आवाजाची फ्रिक्वेन्सी काढा. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. २७०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४५ फेरे, म्हणजे सेकंदाला ९० स्फोट, ९० हर्ट्झ. यावर उपाय म्हणजे मुख्य पाइपला टी (T आकाराचा जोड) मारून एक बंद टोकाचा पाइप जोडायचा. त्याची लांबी त्या आवाजाच्या एका लहरीच्या लांबीच्या पाव असली की आत गेलेली लहर उलटी होऊन परत येते आणि मूळ आवाजाला मारते. गॅस वाहून नेणारा पाइप तसाच राहतो, त्यामुळे पॉवर जात नाही.

गंमत लांबीत आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर (वेग भागिले ९०, त्याचा पाव) साधारण ९४ सेंमी येते, पण गरम गॅसमध्ये वेग जास्त असतो. ४५० धरा, सव्वा मीटर येईल. म्हणून थोडा लांबच ठेवा, टोकाला क्लॅम्पवाली टोपी लावा आणि गाडी चांगली तापल्यावर चालवून बघत कापत जा. कापलेला पाइप वाढत नाही!

आणि हो, वेल्डरकडे जाण्याआधी एक्झॉस्टचे हँगर रबर, म्हणजे पाइप गाडीखाली लटकवून धरणारे रबर, बघा. पाइप कुठे बॉडीला टेकत असेल तर हे सगळं गणित फुकट.