चाकू, सुरी, पावशी : 'नाइफ कलेक्टर'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न (अमळनेर)
मंडळी, चार वर्षांपासून मला चाकू जमवायचा नाद लागलाय. 19 झालेत. फ्रान्सचा ओपिनेल, स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स, स्वीडनचा मोरा आणि एक विळा, तो सारंगखेड्याच्या यात्रेत घेतला. लोक घोडे बघत होते, मी लोहाराच्या पथारीवर बसलो होतो. अशाच नादी लोकांच्या एका मंडळात नुकताच सामील झालो. तिथे स्वतःची ओळख मराठीत लिहायची होती. 'मी चाकू जमवतो' असं लिहिलं आणि वाचून मलाच माझा संशय आला. नाणी जमवतो म्हटलं की माणूस अभ्यासू ठरतो, चाकू जमवतो म्हटलं की चौकीत बोलावतील असं वाटतं. 'चाकूसंग्राहक' लिहू की 'शस्त्रसंग्राहक'? आणि मुळात चाकू नि सुरी यांत फरक काय? घरात आम्ही दोन्ही म्हणतो.

भुसावळ
'शस्त्रसंग्राहक' लिही, म्हणजे ओळख करून द्यायला पोलीसच येतील.

धुळे
आधी फरकाचं बघू. सुरी आपली जुनी, संस्कृत क्षुरिकेपासून आलेली. क्षेत्राचं जसं मराठीत शेत आणि हिंदीत खेत झालं, तशी आपली सुरी आणि त्यांची छुरी. त्याच क्षुराचं दुसरं भावंड शेतात बसलंय: क्षुरप्र, म्हणजे आपलं खुरपं. न्हाव्याच्या कामाला क्षौर म्हणतात तेही याच घरचं. गंमत अशी की न्हाव्याच्या हातातला वस्तरा मात्र फारसीतला. चाकूही फारसीतूनच आला, त्याचं मूळ तुर्की. अडकित्ता कानडी, अडके म्हणजे सुपारी.

आता वापर. सुरीला सुरा आहे, जसा डबीला डबा: बाई लहान, बाप्या मोठा. चाकूला अशी जोडी नाही. माझ्या कानाला चाकू म्हणजे मुठीत मिटणारा, खिशात जाणारा. सुरी म्हणजे ओट्यावरची, न मिटणारी. पण हा भेद आता पुसट झालाय. केक कापतात तिलाही चाकू म्हणतात आणि कोणी हसत नाही. म्हणींत मात्र अजून शिस्त आहे. गळ्यावर सुरीच ठेवतात, पाठीत खंजीरच खुपसतात. 'सोन्याची सुरी झाली म्हणून उरात मारून घ्यायची नसते' या म्हणीत चाकू घालून बघा, म्हण मोडते.

रावेर
धुळेकरांचं व्युत्पत्तीपुरतं बरोबर. पण आमच्याकडे पात्याला नाव पडतं ते कामावरून, आकारावरून नाही. विळा आणि विळीच घ्या. डबा-डबीच्या हिशेबाने विळी म्हणजे छोटा विळा व्हायला हवी होती. तसं नाही. विळा हातात असतो आणि फिरतो. विळी पायाखाली गप्प बसते, फिरते ती भाजी. तिला खानदेशात पावशी म्हणतात, पुण्याच्या सुनेला पहिल्या दिवशी कळत नाही.

केळीच्या बागेत तर 'चाकू आण' असं कोणी म्हणतच नाही. घड उतरवायचं हत्यार वेगळं, पिलं काढायचं वेगळं, घडाच्या फण्या सुट्या करायचं पातं आणखी वेगळं. अमळनेरकर, तुमच्या त्या ओपिनेलचं पातं साध्या पोलादाचं असेल तर एक दिवस बागेत आणा. केळीच्या चिकाने असं काळं पडेल की घासून जाणार नाही. वांग्यानेही पडतं. आमच्या विळ्यांचा रंगच तो. स्टेनलेसला हे होत नाही, म्हणून मला स्टेनलेसवर विश्वास नाही. (हे शास्त्र नव्हे, खोड आहे.)

नंदुरबार
सातपुड्याच्या बाजूला धारिया आहे, लांब दांड्याचा, टोकाला वळलेला. नावातच धार. झाडाच्या फांद्या तोडायचं रोजचं हत्यार, पण बातमीत आलं की 'धारदार शस्त्र'. संग्रहात नसेल तर घ्या, फक्त भिंतीवर लावू नका.

चाळीसगाव
कोयत्याचं राहिलं. आमच्या भागातले लोक ऊसतोडीला जातात. तिथे 'एक कोयता' म्हणजे हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस अर्धा कोयता. अख्खा संसार एका पात्याच्या नावाने मोजतात, आणि शहरात तोच शब्द टोळ्यांच्या बातम्यांत वाचून लोक घाबरतात. मला हे वाचताना दरवेळी लागतं.

धुळे
रावेरकरांचं कामाचं म्हणणं कायद्यालाही लागू आहे, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. 1959 चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे 2016 चे नियम: पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्रात मोडतं, मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा कारखान्याच्या कामासाठी घडवलेलं असेल तर नाही. म्हणजे मापाआधी 'हे कशाला केलंय?' हा प्रश्न. तुमचा विळा सुटला. तरी खिशात घालून यात्रेत फिरू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चा मनाई आदेश लागला की जवळ बाळगणंही अडचणीचं होतं. म्हणून 'शस्त्रसंग्राहक' नकोच.

अमळनेर
पटलं. आणखी एक, धार 'लावणे', 'पाजवणे', 'पाजळणे', 'परजणे' यांतलं बरोबर कुठलं?

रावेर
लावणे रोजचं. पाजवणे लोहाराचं, मला त्यात 'पाणी पाजणे' ऐकू येतं. पातं लालभडक तापवून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, त्याला पाणी देणं म्हणतात. तेवढ्यावर सोडलं तर काचेसारखं तुटतं, म्हणून परत थोडं तापवून उतरवावं लागतं. आमच्याकडे ट्रकच्या कमानपाट्याचे कोयते करणारा एक म्हातारा होता. तो म्हणायचा, पाणी डोळ्याने द्यायचं, घड्याळाने नाही. पात्याचा रंग बघायचा तो. तलवार परजतात ती उगारायला. आणि पाजळतात ती अक्कल. शस्त्र पाजळल्याचंही छापून येतं, पण मी लिहिणार नाही.

जळगाव
धार लावणारा तो शिकलगार. अरबीतून आलेल्या 'सैकल'चा अर्थ झिलई, चकाकी. सायकल उभी करून तिच्यावर चाक फिरवणारे अजून दारावर येतात. नावात सैकल आणि बुडाखाली सायकल, हा निव्वळ योगायोग.

भुसावळ
मग ठरलं काय? माझं मत: 'पात्यांचा नाद आहे'. संग्राहक म्हटलं की काचेचं कपाट डोळ्यांपुढे येतं. आणि ते महागडे विदेशी घेण्यापायी घरातलं जुनं भंगारात देऊ नको. त्यालाच म्हणतात विळा मोडून खिळा करणं.

अमळनेर
'मला पात्यांचा नाद आहे' असंच लिहिलं. लोकांनी पहिलाच प्रश्न विचारला, पावशी आहे का? घरात मोठमायची आहे, आंब्याच्या लाकडाचा पाट, पातं झिजून निम्मं झालेलं. विसावी म्हणून मागितली, तर ती म्हणाली, "तू पावशी लई जाशी, मंग भाजी कशी चिरू मी?" तेव्हा आकडा सध्या 19 च.