‘आरओ बसवा, विषय संपला’?

दाभोळकाठ:
परवा इथे एकाने लिहिलं, “इटलीहून लोटेत आलेल्या यंत्रांवरून एवढा गहजब कशाला? घरी आरओ बसवा, विषय संपला.” दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. इटलीतल्या त्रिसिनोच्या मितेनी कारखान्याच्या पीफासने, म्हणजे निसर्गात सहजी न तुटणाऱ्या फ्लोरिनच्या रसायनांनी, तिथलं भूजल नासलं, साडेतीन लाख लोकांच्या प्रदेशात ते पसरलं. आयांनी पोरांच्या रक्तातले आकडे टीशर्टवर छापून मोर्चे काढले. २०१८ला कंपनी बुडाली, जून २०२५मध्ये विचेन्झाच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा ठोठावली. तीच यंत्रं लिलावातून आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत आली. आम्ही भोई. खाडीला कुठला आरओ बसवू?

लोटे_२२वर्षं:
भाऊ, मी याच एमआयडीसीत २२ वर्षं शिफ्ट करतोय. यंत्र म्हणजे विष नव्हे. तिथे सांडपाणी जमिनीत मुरलं, तो गुन्हा. इथे तसं झाल्याचा एक तरी रिपोर्ट दाखवा. कारखाने नसते तर माझी दोन्ही पोरं आज विरार लोकलला लटकत असती. तुम्हा खाडीवाल्यांना प्रत्येक चिमणी खुपते.

माहेर_खेड:
रिपोर्ट येणार कुठून? पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५००मध्ये, पीफासला मर्यादाच नाही. अमेरिकेने २०२४मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या पीफासमधल्या दोन रसायनांना प्रत्येकी लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली. आणि आरओचं म्हणाल तर माहेरी उन्हाळ्यात टँकर येतो. वहिनी आरओच्या नळीचं वाया जाणारं पाणी बादलीत धरते, त्यात भांडी घासते, उरलेलं परसातल्या अळवाला घालते. मशीनने अडवलेलं सगळं त्याच बादलीत असतं ना?

फिल्टरवाला_चिपळूण:
सगळे आरओवर का घसरलात? १४ वर्षं मशीन बसवतोय. आरओचं मेंब्रेन पीफास अडवतं, चांगला कार्बन फिल्टरही धरतो, पण वेळेवर बदलला तर. यूव्हीने काही होत नाही. उकळून तर उलटंच, पाणी आटतं आणि ते मागे उरतं. मेंब्रेन बदला म्हटलं की गिऱ्हाईक टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवतं, “५० दाखवतोय, लुटतोस का?” अहो, त्या मीटरला नॅनोग्रॅम दिसत नाहीत!

माहेर_खेड:
तुमच्यासारख्याच एकाने आमचा टीडीएस इतका उतरवला की पाणी अगदी बेचव. सासऱ्यांचे गुडघे तेव्हापासूनच धरलेत.

फिल्टरवाला_चिपळूण:
आता गुडघ्यांचं खापरही माझ्या धंद्यावर? वय किती त्यांचं?

माहेर_खेड:
वय काढू नका. ७१व्या वर्षी माणूस रोज बांधावर जात होता.

दाभोळकाठ:
गुडघे राहू द्या हो! बादलीचा मुद्दा खरा आहे, तो धरा. घरात गाळलेलं मोरीतून परत जमिनीतच जातं. एमआयडीसीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले जिवाणूही हे रसायन तोडू शकत नाहीत. म्हणून ते कारखान्याच्या दारातच अडवायला हवं. आसपासच्या बोअर, खाडीचं पाणी, मासळी आत्ताच तपासा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. माझा बाप मेलेली मासळी हातात घेऊन ऑफिसात जायचा. “नमुना आणलात तो बर्फात नाही,” म्हणून परत पाठवायचे. पुन्हा तेच नको.

लोटे_२२वर्षं:
कारखाना बंद करा म्हणालात तर आडवा येईन, आधीच सांगतो. तपासणीला मात्र माझी ना नाही. बोअरचं पाणी आमचीही पोरं पितात. रविवारी सुट्टी आहे, या. कॉलनीमागची बोअर मी दाखवतो. बर्फ घेऊन या.