सौर अनुदान पंपाला द्यायचं की फीडरला?

वाफसा:
शेतीच्या सौर विजेवर केंद्र आणि राज्य मिळून जो पैसा खर्च करतंय, त्यातला मोठा हिस्सा चुकीच्या जागी जातोय असं माझं ठाम मत आहे. विरोधी मत असणाऱ्यांनी जरूर लिहा.

आपल्याकडे सध्या दोन योजना शेजारी शेजारी चालू आहेत. एक 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. केंद्राच्या कुसुम योजनेला (सौर पंपांना अनुदान देणाऱ्या) राज्याची जोड. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे साडेसात. दुसरी 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी'. ही 2017 ची, राळेगणसिद्धी आणि यवतमाळच्या कोळंबीपासून सुरू झालेली. 2023 मध्ये तिचं 2.0 आलं. उपकेंद्राच्या आसपास जमीन भाड्याने घ्यायची (हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी 3 टक्के वाढ), तिथे काही मेगावॅटचा प्रकल्प उभा करायचा आणि वीज तिथल्या शेती फीडरवर (उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वाहिनीवर) सोडायची. वीज कंपनीला ती युनिटमागे 3 रुपयांच्या आसपास पडते. म्हणजे फीडरवरच्या सगळ्या पंपांना दिवसा थ्री फेज.

आता हिशोब बघा. 5 एचपीच्या पंपाला साधारण 5 किलोवॅटच्या प्लेटा लागतात. किलोवॅटमागे दिवसाला 4 युनिट धरले तर 20 युनिट. कापूस-तूर, सोयाबीन-हरभरा करणाऱ्याचा पंप वर्षातले किती दिवस चालतो? निम्मे दिवस बंद धरला तरी साडेतीन हजारांवर युनिट तयार होण्याआधीच वाया गेले, कारण त्या प्लेटांमधून बाहेर जाणारी तारच नाही. त्याच प्लेटा फीडरवर असत्या तर तुमचा पंप बंद असताना शेजाऱ्याचा ऊस भिजला असता, गावातली पिठाची गिरणी चालली असती.

शिवाय एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंत शेतीचं वीजबिल राज्य सरकार भरतंय. मग सौर पंपाने शेतकऱ्याचं बिल वाचतं हा मुद्दाही उरला नाही. फीडर सौर करा, सगळ्यांना दिवसा वीज द्या. प्रत्येक बांधावर वेगळं वीजघर कशाला?

बांधावरचा:
वाफसाभाऊ, हिशोब बरोबर आहे, पण तो उपकेंद्रात बसून केलेला आहे. बांधावर येऊन बघा.

फीडर सौर झाला म्हणजे नक्की काय बदललं? उपकेंद्रात येणारी वीज बदलली. उपकेंद्रापासून माझ्या विहिरीपर्यंतचे वाकलेले खांब तेच, लोंबणाऱ्या तारा त्याच आणि डीपीही (शेतातला ट्रान्सफॉर्मर) तीच. डीपीच्या पेटीला दार नाही, आत फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली. 20 पंपांच्या डीपीवर 32 पंप आणि वर चोरून टाकलेले आकडे. ऐन गव्हाच्या पाण्याला ती जळते. मग आम्ही वर्गणी काढायची, ट्रॅक्टर लावायचा, जळालेली डीपी उतरवून न्यायची, दुसरी मिळेपर्यंत खेटे घालायचे. तोवर गहू ओंबीवर येऊन सुकायला लागतो. तुमचा 3 रुपये युनिटचा फीडर तेव्हा माझ्या काय कामाचा?

सौर पंप लागल्यापासून मी वायरमनची वाट बघितलेली नाही. सकाळी जाऊन स्टार्टर दाबतो, उन्हाबरोबर पाणी वाढतं, संध्याकाळी घरी येतो. रात्रीच्या पाळीला दारं धरायला (पिकात पाणी वळवायला) जाणं ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. आमचा भाग जुन्नरकडचा. उसात बिबट्या आहे हे गृहीत धरूनच रात्री बॅटरी घेऊन शिरायचं, आणि घरी बायको जागी. ते माझं थांबलं. 'वाया गेलेले युनिट' मोजताना ही थांबलेली रात्रपाळी कुठल्या रकान्यात धरणार?

तेरणाकाठ:
दादा, तुमच्याकडे विहिरीला पाणी आहे म्हणून हे बोलता येतं.

मी धाराशिवकडची. आमच्याकडे बोअर 400-500 फूट. माझी जमीन दोन एकर, म्हणून नियमाने 3 एचपी. एकरांवरून एचपी ठरवायचं हे ज्यांनी लिहिलं, त्यांनी जमिनीचा विस्तार बघितला, खोली बघितलीच नाही. पाणी किती उंच उचलायचंय यावर पंप ठरतो, सातबाऱ्यावर किती गुंठे आहेत यावर नाही. साडेदहापर्यंत पाइपातून नुसती धार येते, ड्रिपला लागणारा दाब बनत नाही. 11 ते 3 बरं चालतं. ढग आला की कंट्रोलर पंप बंद करतो, मग पुन्हा पहिल्यापासून.

पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे, कागदावर. वादळात माझ्या दोन प्लेटा फुटल्या. विमा होता. एजन्सीचा माणूस आला, फोटो काढून गेला. पुढे 'तक्रार निवारण झाली' असा मेसेज मोबाइलवर आला आणि प्लेटा होत्या तशाच. (एजन्सीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण अजून चालू आहे.)

आणि 'मागेल त्याला' म्हणता, तर मी मागितली होती तारेची जोडणी. आमच्या भागात नवी जोडणी मागायला गेलं की सौरच घ्या म्हणतात. योजना चांगली की वाईट हे नंतर ठरवू, पण निवड शेतकऱ्याची हवी.

पाटणकर पठारी:
इथे आमच्या सातारा-पाटण भागाचा अनुभव कामाचा आहे.

वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर 1990 च्या दशकाअखेरीस पवनचक्क्या आल्या, त्या वाऱ्याइतक्याच कर सवलतीच्या जोरावर. केंद्राने पहिल्याच वर्षी मोठा घसारा (यंत्राची झीज म्हणून करपात्र नफ्यातून वजावट) दाखवायची मुभा दिली होती, राज्याने विक्रीकरात सूट दिली होती. पवनऊर्जेशी दूरान्वयानेही संबंध नसलेल्यांनी चक्क्या घेतल्या. सवलत मिळायची ती चक्की उभी केल्याबद्दल. ती वर्षभर किती युनिट देते याच्याशी सवलतीचा संबंध नव्हता. त्यामुळे मार्चअखेरच्या आत चक्की उभी करायची धावपळ, आणि नंतर गिअरबॉक्स गेला, पातं तडकलं, तर मालकाला घाई नाही. त्याचा फायदा पहिल्या वर्षातच हातात पडलेला असायचा.

2009 मध्ये केंद्राने दुसरा मार्ग दिला: ग्रिडला (विजेच्या सामाईक जाळ्याला) दिलेल्या प्रत्येक युनिटवर 50 पैसे. मग चक्की चालू ठेवण्यातच मालकाचा फायदा. सरकारी मदतीत हा फरक सगळ्यात मोठा आहे असं मी मानतो. पैसा उभारणीला द्यायचा की उत्पादनाला?

सौर पंपाचं अनुदान पूर्णपणे उभारणीला आहे. किती पंप बसले ते जाहीर होतं. त्यातले पुढच्या पावसाळ्यात किती चालू होते हे कोणी विचारत नाही. तेरणाकाठ ताईंच्या फुटलेल्या प्लेटा सरकारी हिशोबात 'बसवलेला पंप' म्हणूनच मोजल्या जाणार. वाहिनी योजनेत तसं होत नाही. मीटरवर युनिट आला तर प्रकल्पवाल्याला पैसे, नाही तर नाही. म्हणून माझं मत वाफसा यांच्या बाजूने.

शेड नंबर सात:
सांगलीत लघुउद्योग चालवतो. शेतीची वीज आजवर स्वस्त राहिली ती उद्योगांकडून जास्त दर घेऊन. आता सौर पंपांसाठी उद्योग आणि व्यापारी ग्राहकांवर वीज विक्री कर वाढवला आहे. शेतकऱ्याला मदत व्हावी याला माझा विरोध नाही, माझे कामगार शेतकरी घरांतलेच आहेत. पण फीडरची वीज 3 रुपयांनी पडणार असेल तर शेतीच्या पुरवठ्याचा खर्च घटतो आणि आमच्यावरचा बोजा कमी व्हायला वाव राहतो. सुट्या पंपांनी तो बोजा नव्या कराच्या रूपाने वाढतोच आहे. माझ्यापुरता प्रश्न इतकाच आहे.

गायरान:
फीडरवाले सगळे खूश दिसतायत, म्हणून विचारते. ती जमीन कुठून येते?

भाडं मिळणारा जमीनमालक आहे त्याचं ठीक आहे. पण बऱ्याच ठिकाणी प्रकल्प सरकारी जमिनीवर, म्हणजे गायरानावर जातायत. गायरान कागदावर पडीक दिसतं. प्रत्यक्षात भूमिहीनांची शेरडं तिथे चरतात, सरपण तिथून येतं. कुंपण पडल्यावर बाई शेळ्या घेऊन जाणार कुठे? ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, तीन वर्षं, असं प्रोत्साहन आहे. त्यातून सभागृह रंगवलं जाईल. जिच्या चार शेळ्या विकाव्या लागल्या तिच्या हातात काही येत नाही. ग्रामसभेत ठराव झाला असं सांगतात, तेव्हा त्या बायका सभेत होत्या का हे कोणी बघत नाही.

बांधावरच्या पंपाला निदान दुसऱ्या कोणाची जागा लागत नाही.

वाफसा:
गायरान ताई, हा मुद्दा मी मूळ धाग्यात घ्यायला हवा होता आणि तो मला मान्य आहे. भाड्याचा दर ठरलेला आहे, तर आधी खासगी पडीक जमीन घ्यावी. गायरान घ्यायचंच असेल तर चराईची पर्यायी जागा आधी आणि कुंपण नंतर, आणि भाड्याइतकी रक्कम चारणाऱ्या कुटुंबांच्या नावावर.

बांधावरचा भाऊ, तुमच्या डीपीला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते पंप वाटणं नव्हे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात 2016 मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. पंप बांधावरच, प्लेटा स्वतःच्या, पण सगळे मिळून ग्रिडला जोडलेले. पाणी भरून झालं की उरलेली वीज मंडळी वितरण कंपनीला विकते, करार 4 रुपये 63 पैसे युनिटचा. तिथून गुजरात सरकारने 2018 मध्ये 'सूर्यशक्ती किसान योजना' आणली. म्हणजे तुमची रात्रपाळीही जाते आणि उरलेले युनिटही विकले जातात. महाराष्ट्रात सहकार तर मुरलेला आहे. साखर आणि दूध जमलं, वीज का जमू नये?

यात पाण्याचाही प्रश्न सुटायला मदत होते. फुकट ऊन, फुकट पंप, तर बोअर उपसताना हात कोण आखडणार? युनिट विकता येत असेल तर जास्त पाणी उपसण्यात तोटा दिसतो.

बांधावरचा:
धुंडीचं उदाहरण मला पटतं, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. तिथेही पंप शेतकऱ्याच्या बांधावर आणि मालकी त्याची. तुम्ही सुरुवात केली होती 'प्रत्येक बांधावर वेगळं वीजघर कशाला' इथून.

मग भांडण पंप की फीडर हे उरत नाही. तुम्ही म्हणता तार नाही म्हणून वीज वाया जाते. मी म्हणतो तार आहे पण ती धड नाही. दोन्ही खरं आहे. पंपाला जोडणी द्या, मीटर लावा, विकलेल्या युनिटचे पैसे दर महिन्याला खात्यावर द्या. फक्त एक अट. त्या तारेची आणि डीपीची देखभाल करण्याची जबाबदारी आणि दंड वीज कंपनीवर, लेखी. नाहीतर डीपी जळाली की माझा पंपही बंद आणि विक्रीही बंद, कारण ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रिड गेली की थांबतो. आज माझा सुटा पंप निदान चालतो तरी.

तेरणाकाठ:
आणि एचपी खोलीवरून ठरवा. जोडणी द्या, मीटर द्या, सगळं द्या, पण 500 फुटांवरचं पाणी 3 एचपीने येत नाही. आमच्या तालुक्यातल्या 11 जणांनी मिळून पुढच्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहिलाय: बोअरची खोली मोजून पंप द्या, नाहीतर तारेची जोडणी द्या. कोणाला मसुदा हवा असेल तर इथे टाकते.

गायरान:
टाका ताई. चराईचं कलम मी लिहून देते, तेही त्यात घ्या.