मदत हवी आहे: गुरूच्या आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, प्रभारित कणांच्या थरात) उल्कांचे धातू वीज वाहून नेतात का?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते, विद्यार्थ्यांचा आकाशनिरीक्षण गटही चालवते. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, चिनी रॉकेटचे जळते तुकडे विदर्भभर दिसले आणि सिंदेवाहीजवळ धातूची मोठी रिंग सापडली. तेव्हापासून "वर जळालेल्या धातूचं पुढे काय होतं?" हा प्रश्न गटात येतच असतो. पृथ्वीबद्दल सांगता येतं: उल्कांतलं लोह, मॅग्नेशियम, सोडियम ८० ते ११० किमीच्या पट्ट्यात अणुरूपात राहतं आणि त्यांचे आयन कधीकधी पातळ थरात गोळा होऊन रेडिओलहरी परत फिरवतात. आता बारावीतल्या एका मुलीने विचारलंय, गुरूवर काय होत असेल?

मी एवढं मांडलंय. गुरूचा मुक्तिवेग ६० किमी प्रतिसेकंदाच्या आसपास, म्हणजे उल्का किमान तेवढ्या वेगाने घुसते आणि बारीक कण वरच्या वर वाफ होतात. लोहाचा इलेक्ट्रॉन सोडवायला ७.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, हायड्रोजन रेणूला १५.४ लागतात. त्यामुळे आजूबाजूचे आयन आपला प्रभार धातूला देऊन मोकळे होतात. गुरूच्या आयनांबरातला मुख्य रेणू-आयन एच-थ्री-प्लस (हायड्रोजनचे तीन अणू, एक धन प्रभार) इलेक्ट्रॉन भेटताच फुटतो. घन सेंमीला १० हजार इलेक्ट्रॉन धरले तर त्याचं आयुष्य पंधरा-वीस मिनिटांचं. धातूचा आयन एकच अणू, फुटायला काही नाही, जादा ऊर्जा प्रकाशरूपात टाकल्याशिवाय इलेक्ट्रॉन पकडता येत नाही. त्याच हिशोबाने तो काही वर्षं टिकू शकतो.

अडलंय ते पुढे. चुंबकीय क्षेत्राला आडवी, विद्युतक्षेत्राच्या दिशेने वाहणारी पेडरसन वाहकता सर्वांत जास्त कुठे, तर जिथे आयनाच्या चुंबकीय क्षेत्राभोवतीच्या गिरक्या आणि हवेशी होणाऱ्या टकरा यांची वारंवारता सारखी होते तिथे. लोहाचा आयन एच-थ्री-प्लसच्या जवळपास १९ पट जड, गिरक्या तितक्याच संथ. मग त्याचा वाहक थर कितीतरी वर, विरळ हवेत जायला हवा ना? पण उल्कांचे धातू तर खाली साचणार. दोन्हींची गाठच पडत नसेल तर एवढे टिकाऊ आयन असून उपयोग काय? गुरूचा चंद्र आयो याच्या ज्वालामुखींतून निघालेल्या प्लाझ्माला (प्रभारित वायूला) गुरूबरोबर फिरवत ठेवणारा प्रवाह याच वाहकतेतून पूर्ण होतो, म्हणून उत्तर हवंच आहे.

— चांदणी_नागपूर

आकाशवेडा:
ताई, मांडणी छान आहे. गिरक्यांचा हिशोब झाला, आता टकरांचाही करून बघा. ट्रकवर गारा आदळाव्यात तसं आहे हे: हलका हायड्रोजन आदळून जड लोह-आयनाचा संवेग एका टकरीत फारसा बदलत नाही. म्हणून टकरांची परिणामकारक वारंवारताही साधारण १५ पट घटते. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की आयनाचं वस्तुमान जवळजवळ निघून जातं, उरतं १ भागिले रिड्यूस्ड मासचं (आयन आणि हायड्रोजन रेणू यांच्या वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज) वर्गमूळ. एच-थ्री-प्लससाठी रिड्यूस्ड मास १.२, लोहासाठी १.९, फरक फक्त १.३ पटीचा. तोही लोहाच्या विरुद्ध, म्हणजे थर थोडासाच वर सरकतो.

गुरूच्या विषुववृत्तावर चुंबकीय क्षेत्र सुमारे ४.२ गॉस. त्यावरून हा थर १ मायक्रोबार (बारचा दहा लाखावा भाग) दाबाच्या आसपास येतो. धातू तिथे पोहोचले तर पेडरसन वाहकता वाढते. थोडं खाली साचले तर आयन टकरांत अडकतात, इलेक्ट्रॉन मात्र अजून मोकळे फिरतात, म्हणून हॉल वाहकता (चुंबकीय आणि विद्युत, दोन्ही क्षेत्रांना आडवी वाहणारी) वाढते. मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. एक अडचण मात्र खरी आहे: तिथूनच मिथेन, अ‍ॅसिटिलीन सुरू होतात. ते धातूच्या आयनाला चिकटले की रेणू-आयन तयार होतो आणि मग तोही लवकर फुटतो. तुम्ही धरलेली काही वर्षं तिथे टिकणार नाहीत.

चांदणी_नागपूर:
मनापासून आभार! वर्गमूळाचा हिशोब आताच वहीत करून पाहिला, बरोबर १.२७ येतं. मुलांनाही हाच करायला देते.

आता यातूनच निघालेला प्रश्न. गुरूची रात्र जेमतेम पाच तासांची, तरी तेवढ्यात बरेचसे एच-थ्री-प्लस संपतात. प्रोटॉन टिकतात, पण ते उंचावर, जिथे टकराच कमी. म्हणजे ऑरोराचा (ध्रुवीय प्रकाशाचा) भाग सोडला तर पहाटेपूर्वीची वाहकता बहुतांश धातूंचीच असेल का? व्हॉयेजर आणि गॅलिलिओ यानांच्या रेडिओ-मोजणीत आयनांबराच्या खालच्या भागात इलेक्ट्रॉनचे पातळ, दाट थर दिसले होते. ते धातूंचे, की वातावरणातल्या गुरुत्व-लहरींनी (हवेच्या वर-खाली हेलकाव्यांनी) एकवटलेले, हे ओळखायची काही खूण आहे का? कुणी अशा आलेखांवर काम केलं असेल तर कृपया लिहा, गटाची बैठक रविवारी आहे.